उपवास कोणाला माफ असतो?

(सांगलीत ऋषिपंचमीच्या संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

अध्यक्षमहाराज आणि सणाच्या गडबडीतूनही वेळ काढून आलेल्या मंडळींनो,

परवा हरतालिका झाली. पुष्कळ घरांतल्या बायकांनी दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही. काल गणपती बसले आणि मोदक झाले. आज ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही म्हणून अळू, भोपळा, माठ, कणसं अशी परसात आणि बांधावर आलेली भाजी आज शिजली. आणि आजपासूनच दिगंबर जैन घरांत दशलक्षण पर्व सुरू झालं, ते अनंत चतुर्दशीपर्यंत चालेल. एका शहरात, एकाच आठवड्यात, एवढ्या तऱ्हेची ताटं.

हे पाहून आपण पटकन म्हणतो की सगळे धर्म शेवटी एकच सांगतात. म्हणणाऱ्याची भावना चांगली असते, तिचा मला आदर आहे. पण त्यात एक नुकसान होतं. शेजारी नेमकं काय मानतो हे विचारायची गरजच उरत नाही. देव, आत्मा, मोक्ष यांच्यावर तुलना करायला बसलं की एकतर वाद होतो, नाहीतर गुळगुळीत एकमत. म्हणून आज मी एकच आचार घेतला आहे, उपवास. त्यातही माझं लक्ष दोन बारीक गोष्टींवर राहील: तो कोणाला माफ आहे, आणि तो सोडायचा कसा. धर्माची मोठी वचनं सगळ्यांना पाठ असतात. त्या धर्माला माणसाकडून खरोखर काय हवंय, ते मला अशा पोटनियमांतच जास्त स्वच्छ दिसतं.

सुरुवात आपल्याच भागातून करतो. चातुर्मासात ज्या गावात दिगंबर मुनिमहाराज मुक्कामाला असतात, तिथं सकाळी आहाराच्या वेळी जाऊन उभं राहा. ज्या घरांनी चौका, म्हणजे महाराजांच्या आहारासाठी शुद्ध स्वयंपाक, लावलेला असतो, तिथली माणसं सोवळ्यानं, हातात कलश, नारळ, फळं घेऊन दारापुढं उभी असतात. महाराज उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्यावर ठेवतात आणि रस्त्यानं मौनात चालत येतात. ‘नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ’ असे आवाज दोन्ही बाजूंनी उठतात. महाराजांनी सकाळीच मनात एक संकल्प केलेला असतो. दोन कलश घेतलेलं जोडपं दिसलं तरच थांबेन, किंवा अमुक एक फळ हातात असलेलं घर दिसलं तरच. तो कोणालाही सांगितलेला नसतो. जुळला तर ते थांबतात, घरात जातात आणि उभ्यानं, हाताच्या ओंजळीत, दिवसातून एकदाच जेवतात. पाणीही तेव्हाच. ओंजळीत केस किंवा मेलेला किडा निघाला की अंतराय. तिथंच आहार थांबतो, पुढचं अन्नपाणी उद्या. आणि संकल्प जुळलाच नाही, तर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन महाराज उपाशी परत फिरतात. कलश घेतलेल्या बायांच्या डोळ्यांत पाणी येतं, महाराजांच्या चालीत फरक पडत नाही.

यामागचा विचार तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या नवव्या अध्यायात आहे. बाह्य तपं सहा सांगितली आहेत. अन्न पूर्ण सोडणं हे त्यांतलं पहिलं. भुकेपेक्षा कमी जेवणं हे दुसरं. आता वर्णन केलेला मनातला संकल्प, वृत्तिपरिसंख्यान, हे तिसरं. मग रसपरित्याग, म्हणजे दूध, दही, तूप, तेल, साखर, मीठ यांतलं काही सोडणं. त्यानंतर एकांतवास आणि कायक्लेश. कर्म ही जैनांच्या मते सूक्ष्म द्रव्यच आहे. तेल लावलेल्या अंगावर धूळ बसावी तसं ते राग-द्वेषामुळं जिवाला चिकटतं, आणि तपानं झडतं. इथं कोणी देव उपवासानं प्रसन्न होत नाही. तीर्थंकर वर देत नाहीत, शिक्षाही करत नाहीत. म्हणून ‘माफी’ हा प्रश्न जैन उपवासात खऱ्या अर्थानं उपस्थितच होत नाही, कारण माफ करणारा कोणी नाही. पायऱ्या मात्र आहेत. महिनाभर केवळ पाण्यावर राहणारे आहेत, एकभुक्त राहणारे आहेत, आणि पोटात चार घासांची जागा ठेवून उठणारेही. ज्याची जेवढी शक्ती, तेवढं तप.

आता मिरजेत या, रमजानच्या महिन्यात. पहाटे सहरी, मग सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाणी नाही. वरवर पाहिलं तर जैन उपवासाचाच हा सख्खा भाऊ वाटेल. पण आतली रचना अगदी निराळी आहे. रोजा ही आज्ञा आहे. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत, अल-बकरामध्ये, ती आली आहे, आणि लगेच पुढच्याच आयतीत सवलती आल्या आहेत. आजारी असाल, प्रवासात असाल, तर नंतर तेवढे दिवस भरून काढा. ज्यांना झेपतच नाही त्यांनी एका गरिबाला जेवू घालावं. त्याच्यापुढं सरळ सांगितलं आहे की अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, कठीणपणा नको. मासिक पाळीत बाईनं रोजा धरायचाच नाही, राहिलेले दिवस नंतर पुरे करायचे.

आणि सोडण्याचा नियम बघा. सूर्य बुडाला की रोजा सोडायला उशीर करू नये, ही शिकवण आहे. मध्ये काही न खाता दोन-तीन दिवस सलग उपवास लांबवायला पैगंबरांनी लोकांना मनाई केली. ईदच्या दिवशी तर उपवास निषिद्धच आहे. जैन परंपरेत उपवास लांबला तर तप वाढतं, त्याची मिरवणूक निघते. इथं तो लांबवणं म्हणजे आज्ञेच्या बाहेर जाणं. एकीकडं जीव स्वतःच्या बळावर बंधन झाडतोय. दुसरीकडं बंदा मालकाच्या शब्दावर थांबतो आणि मालकाच्याच शब्दावर खातो, खजूर तोंडात टाकणं हीसुद्धा आज्ञापालनाचीच क्रिया. भूक दोन्हीकडं तीच. पण हे दोन उपवास एकच गोष्ट सांगतात असं म्हणणं दोघांवरही अन्याय करणारं आहे.

रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवसांनी अलीकडं सरकतो, हेही लक्षात घ्या. शुद्ध चांद्र वर्ष, अधिक मास नाही. त्यामुळं जो आयुष्यभर रोजे धरतो त्याला ते वैशाखाच्या उन्हातही येतात आणि पौषाच्या लहान दिवसांतही.

ज्यू धर्माकडं वळतो. आपल्याला तो लांबचा वाटतो, पण कोकणातले बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून अलिबागकडं त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांचा मोठा उपवास योम किप्पूर, तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी, सुमारे २५ तासांचा. अन्न नाही, पाणी नाही, अंघोळ नाही, पायात चामड्याचं पायताण नाही. दिवसभर सिनेगॉगमध्ये पापांची कबुली चालते आणि ती ‘आम्ही’ अशी अनेकवचनात असते. जे पाप मी स्वतः केलं नाही, त्याचीही कबुली मी गावाबरोबर देतो. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमग्रंथात या दिवसाबद्दलचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. माणूस आणि देव यांच्यातली पापं हा दिवस धुऊन टाकतो. माणूस आणि माणूस यांच्यातली धूत नाही, जोवर तुम्ही त्या माणसाची समजूत काढलेली नाही.

इथं तुम्हाला क्षमावाणी आठवली असेल. दशलक्षण संपलं की जैन घरांतून एकमेकांना ‘उत्तम क्षमा’ म्हणतात, श्वेतांबर ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. दोन परंपरांचा एकमेकींशी संबंध नसताना उपवास आणि शेजाऱ्याची माफी यांची गाठ दोघांनीही बांधली. हे साम्य खरं आहे, मी ते आनंदानं सांगतो. पण तिथंही ज्यू माणसाच्या मागं शेवटी क्षमा करणारा देव उभा आहे. जैन श्रावकाच्या मागं तसं कोणी नाही, तो स्वतःच्या आतला कषाय, म्हणजे राग-लोभासारखा विकार, सैल करतोय.

आणि त्याच मिश्नात आजाऱ्याबद्दल लिहिलं आहे: जाणकारानं सांगितलं तर त्याला खायला द्यावं, जाणकार नसेल तर आजाऱ्याच्या स्वतःच्या शब्दावर द्यावं. जिवाला धोका असताना खाणं हीच तिथं आज्ञा होते. याच दिवशी सकाळी यशया संदेष्ट्याचा ५८वा अध्याय वाचतात. त्यात देव विचारतो की मान खाली घालून गोणपाटावर बसणं, याला तुम्ही उपवास म्हणता काय? भुकेल्याला तुझी भाकर वाटून दे, जखडलेल्याला मोकळं कर, मला हवा तो उपवास हा. उपाशी माणसांच्या सभेत, उपासाच्या ऐन दिवशी, हा उतारा मुद्दाम वाचायला लावणं, केवढं धारिष्ट आहे!

ख्रिस्ती उपवासाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण एक गोष्ट सांगायची आहे. येशूची शिकवण मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे: उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना कळू देऊ नकोस. पुढं लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा ४० दिवसांचा उपवासकाळ आला, नियम आले. आज कॅथलिकांना राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, आणि गुड फ्रायडेला उपवास बंधनकारक आहे, तोही १८ ते ५९ वयाच्या माणसांना. एक पूर्ण जेवण, दोन वेळा थोडं. पण १५२२ साली, लेंटमध्येच, झुरिक शहरात फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याच्या घरी काही जणांनी सॉसेज कापून खाल्लं. छपाईचं काम अंगावर पडलंय, माझ्या माणसांना नुसत्या लापशीवर ते झेपत नाही, असा त्याचा बचाव होता. झ्विंग्ली नावाचे धर्मोपदेशक तिथं हजर होते. त्यांनी स्वतः खाल्लं नाही, पण नंतर प्रवचन दिलं की ज्याला उपास करायचाय त्यानं करावा, पण ख्रिस्ती माणसावर त्याची सक्ती करू नका. स्विस धर्मसुधारणेची ती सुरुवात ठरली. मिरजेत १८९४ साली डॉ. वानलेस यांनी रुग्णालय सुरू केलं ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं, आणि हा पंथ त्याच सुधारणेच्या कुळातला. आपल्याकडच्या अनेक प्रॉटेस्टंट घरांत उपवासाचा सक्तीचा नियम सापडत नाही, त्याचं मूळ त्या छापखान्यात आहे.

काहींनी तर उपासमारीला सरळ नकार दिला. सिद्धार्थ गौतमांनी सहा वर्षं देह वाळवला, आणि मग सुजातेची खीर स्वीकारली. भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत, उपासक पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे आठ नियम, पाळतात, पण देह झिजवण्यात मुक्ती नाही हे ठाम. शीख परंपरेनं उपवास बाजूला ठेवला आणि लंगर उभं केलं. आणि गुरू ग्रंथसाहिबात आपले नामदेव आहेत. टोडी रागातल्या त्यांच्या पदात ते म्हणतात की एकादशीचं व्रत कशाला, तीर्थाला तरी कशाला जायचं? पंढरीची वाट चालणाऱ्या आपल्या माणसाचे हे शब्द पंजाबात जपले गेले. वारकऱ्यानं ते ऐकावेत, आणि तरीही एकादशी धरावी. नाम आधी, अन्नाचा नियम त्याच्या मागं, असा त्याचा अर्थ मी घेतो.

आता आपल्या घरात. एकादश्या वर्षाला २४, अधिक मासात २६. धान्य चालत नाही, हा नियम. पण आज आपण ज्याला उपासाचं म्हणतो ते साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीज आल्यानंतर इकडं पोचलेलं. जुना नियम होता धान्य सोडण्याचा, आणि त्यात जे बसलं ते समाजानं आत घेतलं. यात खोट काढण्यासारखं मला काही वाटत नाही. हिंदू उपवासाची ही सवलत अशी स्वयंपाकघरात ठरली, एखाद्या धर्मपीठानं ठरवली नाही, आणि म्हणूनच ती इतकी लवचिक आहे.

पण ही लवचिकता कोणाच्या वाट्याला येते? हरतालिकेला निर्जळ राहणारी बाई त्याच दिवशी उद्याच्या नैवेद्याची तयारी करत असते. तिला प्रवासाची सवलत नाही, आजाराची नाही, कामाची तर नाहीच. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत आजाऱ्यासाठी सवलती लिहिलेल्या आहेत, पण त्या घरापर्यंत पोचत नाहीत. सवलत मागायची कोणाकडं? सासूकडं. लिहिलेली सवलत सगळ्यांना ठाऊक असली की दुबळ्याला तिचा आधार घेता येतो. इस्लामी आणि ज्यू परंपरेकडून आपण हे एक शिकावं असं मला मनापासून वाटतं. गरोदर सुनेला ‘तू आज खा’ असं घरातल्या मोठ्यांनी आपण होऊन, सगळ्यांसमोर सांगावं.

शेवटी एक कामाचं बोलतो. मिरज-सांगली ही दवाखान्यांची गावं. इन्शुलिन घेणारा रुग्ण उपाशी राहिला तर साखर किती खाली जाईल, हे इथल्या डॉक्टरांना मी सांगायला नको. ते म्हणतात, ‘उपास करू नका.’ रुग्ण मान डोलावतो, घरी जातो आणि उपास करतो. याऐवजी त्याच्या धर्मातली वाट दाखवता येईल. रोजा धरणाऱ्या काकांना म्हणावं, चाचा, आजाऱ्याला सूट तुमच्या किताबातच आहे, गरिबाला जेवू घाला. एकादशीवाल्या मावशींना म्हणावं, हरिपाठ म्हणा, पण उपाशी राहू नका, गोळी चुकवू नका, आणि साबुदाण्यानं साखर चढते तेवढी खिचडी टाळा. जैन आजींना म्हणावं, आजी, या चौदशीला अन्न सोडण्याऐवजी साखर आणि तूप सोडा, रसपरित्याग हेही तपच आहे. पर्युषण आणि रमजान यायच्या महिनाभर आधी असा मराठीतला साधा तक्ता बाह्यरुग्ण विभागात लागला पाहिजे. सभागृहातल्या कोणा डॉक्टरांनी हे हाती घेतलं तर धर्मांची बाजू लिहायला मी त्यांच्याबरोबर बसेन, आणि प्रत्येक समाजातल्या जाणत्या माणसांकडून ती तपासूनही घेईन.