बॅरलची भीती आणि बाटलीचा भरवसा

(ऊसतोडणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी वाळवा तालुक्यातील शेतकरी आणि ट्रॅक्टरमालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)

मंडळी, मला येथे बोलावण्याचे कारण एवढेच, की गेली २८ वर्षे मी मिरजेत ट्रॅक्टरच्या इंजिनातील डिझेल पंप आणि इंजिनात तेल फवारणारे नोझल दुरुस्त करतो, आणि या भागातील पुष्कळ गावांचे डिझेल माझ्या टेबलावर येऊन गेलेले आहे. पंप उघडल्यावर आत जे दिसते, त्यावरून मालकाच्या शेडमध्ये बॅरल कसे ठेवले आहे आणि तेल कॅनने ओततात की बादलीने, हे मला बऱ्याचदा न विचारता सांगता येते. मालकाचे पहिले वाक्य मात्र ठरलेले असते, की पेट्रोल पंपावरच्या डिझेलातच भेसळ आहे. भेसळ होतच नाही, असे मी म्हणणार नाही. तशी शंका असेल तर पाच लिटरचे प्रमाणित माप मागण्याचा, तेलाची घनता तपासून घेण्याचा आणि पेट्रोलची फिल्टर पेपरवर चाचणी करून घेण्याचा ग्राहकाला अधिकार आहे, आणि तो त्याच ठिकाणी, त्याच वेळी वापरावा. घरी आणून दोन महिने ठेवलेल्या तेलाचा दोष पंपावर कसा घालणार?

आज मला मुख्यतः एकच गोष्ट मांडायची आहे. आपण डिझेलच्या बॅरलला भितो आणि पेट्रोलच्या बाटलीला भीत नाही. वस्तुतः आगीची खरी भीती बाटलीत आहे. बॅरलमध्ये भीती आहे ती पाण्याची.

कायद्याने हा फरक फार पूर्वीच ओळखला आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात इंधनांचे वर्ग पाडलेले आहेत, आणि त्यांचा आधार आहे फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला इंधनातून एवढी वाफ निघते की ठिणगी मिळताच ती पेटते, ते तापमान. २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेली इंधने 'अ' वर्गात आणि २३ ते ६५ अंशांमधील 'ब' वर्गात येतात. आपल्याकडील डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा, असे भारतीय मानक सांगते. पेट्रोलचा शून्याच्याही खाली सुमारे ४० अंश असतो, म्हणजे माण तालुक्यातील कडाक्याच्या थंडीतही पेट्रोल पेटण्यास तयारच असते. म्हणून 'ब' वर्गातील डिझेल परवान्याशिवाय एका जागी २,५०० लिटरपर्यंत ठेवता येते, मात्र त्यातील कोणतेही भांडे १,००० लिटरहून मोठे नसावे. पेट्रोल विक्रीसाठी नसेल तरच परवान्याशिवाय ठेवता येते, तेही ३० लिटरपर्यंत. धातूचे भांडे २५ लिटरपर्यंतचे आणि काचेचे किंवा चिनी मातीचे एक लिटरपर्यंतचे, घट्ट बुचाचे. या यादीत पाण्याच्या प्लास्टिक बाटलीला जागा नाही, आणि आपल्या वस्तीवर तर पेट्रोल हटकून त्याच बाटलीत असते. एवढे असले तरी डिझेल निर्धोक आहे, असे समजू नये. एप्रिल-मे महिन्यात जतमध्ये पत्र्याच्या शेडखाली ३५ अंशांची मर्यादा दुपारी सहज ओलांडली जाते.

पेट्रोल आपल्या शेतात आले ते गवत कापणारे ब्रश कटर, तण काढणारे पॉवर वीडर आणि फवारणीच्या पंपांबरोबर. ही यंत्रे लहान आहेत, त्यांची टाकी लिटर-दीड लिटरची असते, आणि म्हणूनच त्यांच्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटते, उंबरा ओलांडते, खोलगट जागी साचते, आणि दहा-पंधरा फुटांवर पेटलेल्या चुलीपर्यंत पोहोचली की ज्योत तिच्याच वाटेने मागे भांड्यापर्यंत येते. गोठ्याच्या माळ्यावर कडब्याशेजारी किंवा खतांच्या पोत्यांमागे पेट्रोल ठेवणे चुकीचे आहे ते यासाठीच. ब्रश कटर चालवताना टाकी रिकामी झाली, की गडी तेथेच बांधावर बसून तापलेल्या सायलेन्सरवरून नरसाळे धरतो. दहा मिनिटे यंत्र थंड होऊ द्यावे, भरून झाल्यावर बूच लावावे आणि भरलेल्या जागेपासून दहा-बारा पावले दूर नेऊन मगच दोरी ओढावी. एवढी दहा मिनिटे कोणाकडेही असतात. तंबाखू मळायला आपण त्याहून जास्त वेळ घेतो.

कॅन ट्रॉलीत किंवा पिकअपच्या हौद्यात, रबराच्या मॅटवर ठेवून भरण्याची सवयही सोडावी. नळीतून वाहताना इंधनात स्थिर विद्युत निर्माण होते. कॅन जमिनीवर असेल तर तिला उतरण्यास वाट मिळते. रबरावर ठेवलेल्या कॅनमध्ये ती साठत राहते आणि शेवटी ठिणगीच्या रूपाने बाहेर पडते. धातूचा डबा जमिनीवर ठेवून पंपाचे नोझल त्याच्या तोंडाला टेकवून भरावे. डिझेल खेचण्यासाठी १२ व्होल्टच्या लहान मोटारी हल्ली स्वस्तात मिळतात. त्या डिझेलपुरत्याच वापराव्यात, कारण त्यांच्या आत ठिणगी पडते आणि पेट्रोलसाठी त्या बनवलेल्या नसतात.

पेट्रोलचा आणखी एक बदल आपल्याच उसाशी जोडलेला आहे. आज पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातील काही भाग सांगली-सातारा जिल्ह्यांतील कारखान्यांच्या मळीतून व रसातून गेलेला असतो. त्याने उसाला भाव मिळत असेल तर त्याबद्दल मला आनंदच आहे. परंतु इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात. जुन्या यंत्रांतील रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे वायसर यांनाही ते मानवत नाही. म्हणून असे पेट्रोल महिनाभरात संपेल एवढेच आणावे आणि हंगाम संपल्यावर यंत्राची टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत. टू-स्ट्रोक यंत्रासाठी ऑइल मिसळताना यंत्राच्या पुस्तिकेतील प्रमाण पाहावे. एकास पंचवीस असेल तर लिटरला ४० मिलिलिटर, एकास पन्नास असेल तर २० मिलिलिटर होते. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतलेल्या ऑइलमुळे पिस्टन घासून माझ्याकडे आलेली यंत्रे मी मोजणे सोडून दिले आहे.

आता डिझेलकडे वळू, कारण तुमचे पैसे जातात ते येथे. सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांना इंजिन नवे नाही. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला; साताऱ्याचे धनजीशा कूपर, जे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले, त्यांच्या कारखान्याची इंजिनेही या भागाच्या ओळखीची आहेत. कृष्णेकाठी धडधडणारी ती जुनी संथ इंजिने बरेच काही सोसत. धोतराच्या फडक्यातून गाळलेले डिझेल त्यांना पुरत असे. आजच्या इंजिनाचे तसे नाही. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे उत्सर्जन मानक लागू झाले आणि कॉमन रेल इंजिने, म्हणजे ज्यांत सगळ्या नोझलना एकाच, फार मोठ्या दाबाच्या नळीतून तेल मिळते अशी इंजिने, शेतात आली. जुन्या नोझलमध्ये तेल हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट दाबाने सुटत असे. कॉमन रेलमध्ये तो दाब १,००० पटींच्याही वर जातो, आणि त्यातील भागांमधील फट केसाच्या जाडीच्या अगदी लहानशा अंशाएवढी असते. धूळ आणि पाणी या दोन्ही गोष्टी तेथे पोहोचल्या की खर्चाचा आकडा ऐकून मालक खुर्चीवर बसतो.

हे पाणी येते कोठून? बॅरल उघड्यावर उभे असेल तर पावसाचे पाणी त्याच्या वरच्या काठात थाळीसारखे साचते. दिवसा आतील हवा तापून फुगते आणि बुचाच्या आट्यांमधून बाहेर जाते. रात्री ती आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. बुचावर पाणी असेल तर हवेऐवजी पाणीच आत जाते. बूच घट्ट असूनही असे होते, हे पुष्कळांना पटत नाही. अर्धे रिकामे बॅरल तर पाऊस नसतानाही पाणी जमवते, कारण दमट हवेतील बाष्प रात्री गार पत्र्यावर थेंब होऊन उतरते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाला बसते, आणि जेथे पाणी व डिझेल भेटतात तेथे सूक्ष्मजीव वाढतात. पाण्यात राहायचे आणि डिझेल खायचे, असा त्यांचा संसार असतो. फिल्टरच्या वाटीत काळपट, बुळबुळीत, शेवाळासारखा थर दिसतो तो त्यांचाच.

उपाय साधे आहेत. बॅरल छपराखाली, लाकडी ओंडक्यांवर, विहिरीपासून दूर ठेवावे. सांडलेले डिझेल मातीतून झिरपून विहिरीत उतरले तर ते पाणी परत पिण्यासारखे व्हायला फार काळ लागतो. बॅरल उभेच ठेवायचे असेल तर एका बाजूखाली विटेचा तुकडा असा सरकवावा, की दोन्ही बुचे सारख्या उंचीवर राहतील आणि वरचे पाणी त्यांच्यापासून दूर कडेला जाईल. त्याच कलामुळे आतील पाणीही खालच्या कडेला साचते, मग हातपंपाची नळी उंच बाजूला आणि तळापासून चार बोटे वर ठेवली की स्वच्छ तेल मिळते. बॅरल काठोकाठ भरू नये. तापमान २० अंशांनी वाढले तर २०० लिटर डिझेल तीन लिटरहून अधिक फुगते, तेवढी जागा वर सोडावी. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा टाकी डिझेलसाठी वापरू नये, कारण जस्त आणि डिझेल यांच्या संयोगाने साबणासारखा पदार्थ तयार होतो आणि तो फिल्टर व नोझलमध्ये अडकतो. नव्या आलेल्या किंवा बरेच दिवस थांबलेल्या तेलाची परीक्षा करायची तर तळातून थोडे तेल पांढऱ्या काचेच्या बाटलीत काढून रात्रभर न हलवता ठेवावे. सकाळी खाली पाण्याचा थर किंवा गढूळपणा दिसतोच.

ट्रॅक्टरची टाकी काम संपल्यावर संध्याकाळी भरावी, म्हणजे रात्री थेंब जमायला आत हवा उरत नाही. तासगावकडील द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर पहाटे ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर चालवतात. त्यांनी तर हे पाळलेच पाहिजे, कारण पहाटे अंधारात घाईने ओतलेल्या तेलाबरोबर बागेतली धूळही टाकीत जाते.

नळी तोंडाने ओढून डिझेल काढण्याबद्दल मी थोडे कडकच बोलणार आहे. उमेदवारीच्या काळात मीही ते केले आहे आणि एक घोट घशात जाऊन दोन दिवस खोकत पडलो आहे. डिझेल पोटात जाण्यापेक्षा फुप्फुसात जाणे अधिक घातक असते, त्यातून न्यूमोनियासारखा गंभीर आजार होतो. कोणी गिळलेच तर त्याला मीठपाणी पाजून उलटी करवू नये, कारण उलटीच्या वाटेनेच ते फुप्फुसात शिरते. त्याला थेट दवाखान्यात न्यावे. रबरी फुगा असलेली नळी किंवा हातपंप फार महाग नसतो. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर रात्री कारखान्याच्या रांगेत उभे राहून टोळीची मुले एका टाकीतून दुसऱ्या टाकीत अशीच नळी लावतात, म्हणून हे मालकांना सांगतो आहे. हातपंप ट्रॅक्टरमालकाने घेऊन द्यायचा आहे.

शेवटी पुराबद्दल, कारण ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ नंतर माझ्याकडे आलेल्या पंपांमध्ये कृष्णेची माती होती. भरलेले बॅरल जड असल्यामुळे जागचे हलणार नाही, अशी अनेकांची समजूत होती. २०० लिटर डिझेल आणि पत्रा मिळून वजन १९० किलोच्या आत-बाहेर भरते, आणि ते बॅरल त्याहून अधिक वजनाचे पाणी बाजूला सारते. म्हणजे भरलेले बॅरलसुद्धा तरंगते, आडवे होते आणि बूच सैल असेल तर वाटेत रिकामे होते. नदीकाठच्या लोकांनी पावसाळ्याच्या तोंडावर बूच पान्याने आवळून बॅरल खांबाला साखळीने बांधावे, आणि जमल्यास त्या चार महिन्यांत साठाच कमी ठेवावा. पाणी ओसरल्यावर ट्रॅक्टर चालू होतो का, हे पाहण्यासाठी किल्ली फिरवू नये. आधी टाकीचा तळाचा बोल्ट काढून सगळे तेल उतरवावे, दोन्ही फिल्टर बदलावेत, नवे डिझेल भरून हँड प्रायमरने, म्हणजे फिल्टरजवळच्या छोट्या हातपंपाने, नळ्यांतील एअर काढावी, इंजिन ऑइलमध्ये पाणी शिरले आहे का ते डिपस्टिकवर पाहावे, आणि ऑइल दुधाळ दिसले तर तेही बदलल्याशिवाय स्टार्टरला हात लावू नये.