वाटणीला आलेलं काम

(जपानी भाषा शिकून तिकडे शिक्षक म्हणून निघालेल्या पुण्यातल्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

जपानमधल्या माझ्या दुसऱ्याच आठवड्यात कचऱ्याची गाडी आली, सगळ्या गल्लीचा कचरा घेऊन गेली आणि माझी एकटीची पिशवी तिथेच ठेवून गेली. तिच्यावर एक स्टिकर होता. आमच्या गावात कचऱ्यासाठी ठरवून दिलेल्या पिशव्याच वापराव्या लागत आणि त्यांवर आपलं नाव लिहावं लागे. म्हणजे ही पिशवी कोणाची, हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. जळणाऱ्या कचऱ्यात मी प्लास्टिकचं वेष्टण टाकलं होतं. ती पिशवी उचलून घरी आणताना मला रडू आलं. सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, म्हणून गेलेली बाई, आणि साधा कचरा टाकता येत नाही!

तुमच्यातले काही जण येत्या ऑगस्टमध्ये निघताहेत. तोक्योबद्दल तुम्हाला सांगणारे पुष्कळ भेटतील, मी खेड्याबद्दल बोलणार आहे. जेट कार्यक्रम, म्हणजे परदेशी तरुणांना तिथल्या शाळांत शिकवायला नेणारी जपान सरकारची योजना, १९८७ साली सुरू झाला. त्यातून जाणाऱ्याला पसंती लिहिता येते, पण कुठे पाठवायचं हे आपल्या हातात नसतं. आधीचे शिक्षक एकच वाक्य ऐकवतात: प्रत्येकाची परिस्थिती वेगळी. ते खरं आहे. म्हणून मी जे सांगते ते माझ्या गावापुरतं धरा.

माझं गाव शिमाने प्रांतात, इझुमोच्या मागच्या डोंगरात. लोकसंख्येने शिमाने जपानमधल्या सर्वांत लहान प्रांतांपैकी. १९६३ च्या हिवाळ्यात जपान समुद्राच्या बाजूला भयंकर बर्फ पडला, त्यानंतर तिथल्या डोंगरातली कितीतरी कुटुंबं गाव सोडून गेली. ती ओहोटी अजून थांबलेली नाही. माझ्या एका प्राथमिक शाळेत दोन इयत्ता एकाच वर्गात बसत, एकच शिक्षक दोघींना शिकवी. तिथे साधारणपणे दोन लागोपाठच्या इयत्ता मिळून सोळा किंवा त्याहून कमी मुलं असली की असा जोडवर्ग होतो. आपल्या जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळांत शिकवलेल्यांना हे नवं वाटणार नाही. मला मात्र ती शाळा पाहून पोटात खड्डा पडला. एवढी सुंदर लाकडी इमारत, आणि घसरगुंडीवर दोनच मुलं.

याच प्रांतात, मात्सुए शहरात, ३० ऑगस्ट १८९० रोजी एक परदेशी माणूस इंग्रजी शिकवायला येऊन पोचला: लाफ्काडिओ हर्न. तिथल्याच सामुराई घराण्यातल्या सेत्सुशी त्याने संसार मांडला, १८९६ मध्ये जपानी नागरिकत्व घेतलं आणि तो कोइझुमी याकुमो झाला. किल्ल्याच्या खंदकाजवळचं त्याचं राहतं घर आजही जपलेलं आहे. पण मात्सुएचा हिवाळा त्याला सोसला नाही, सव्वा वर्षातच तो दक्षिणेला कुमामोतोला गेला. पहिल्या डिसेंबरात मला त्याची फार आठवण यायची.

कारण घरं गार असतात. आपल्याला वाटतं जपान म्हणजे सगळं घर ऊबदार असणार. खेड्यातलं जुनं घर तसं नसतं, आपण बसलेली एक खोली तेवढी तापवायची. रॉकेलचा स्टोव्ह, आणि कोतात्सू, म्हणजे खालून गरम होणारं, रजई घातलेलं बुटकं टेबल. रॉकेल अठरा लिटरच्या प्लास्टिकच्या डब्यातून आणायचं. फार गारठा पडणार असेल तर रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवायचा, नाहीतर पाइप गोठतो. हे मला पाइप गोठल्यावर कळलं. बर्फही त्या बाजूला ओलं आणि जड पडतं, आणि बर्फ नसेल तेव्हा पाऊस. तिकडची म्हणच आहे: डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस.

गाडीचं तेवढं सांगून टाकते. रेल्वे दिवसातून मोजक्याच वेळा धावे, त्यामुळे गाडी हवीच. पिवळ्या नंबरप्लेटची, ६६० सीसीची छोटी केई गाडी पुरते. ते लोकही डावीकडूनच चालवतात. आपला आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो, पुढे तिथला परवाना काढावा लागतो. त्याची तयारी वर्ष संपायच्या आधी सुरू करा.

आता शाळा. तुम्ही ऑगस्टमध्ये पोचाल तेव्हा उन्हाळी सुट्टी असेल. मुलं नसतात, शिक्षक मात्र येत असतात. पत्त्याची नोंद चौदा दिवसांत नगर कार्यालयात करायची असते, ते काम, बँक, फोन, सगळं शिक्षण मंडळातला एखादा माणूस बरोबर येऊन करून देतो. माझा हान्को, म्हणजे शिक्का, त्यानेच बनवून आणला. आडनाव त्या एवढ्याशा वर्तुळात मावेना, म्हणून पहिलं नाव कोरलं. मग रोज सकाळी हजेरीच्या वहीत तो शिक्का. आणि नंतर आठ तास टेबलाशी बसून राहायचं. ते दिवस फार लांब वाटतात. मी तेव्हा शिक्षकखोलीचा नकाशा काढला: कोण कुठे बसतं, कोणाचं नाव कोणत्या कांजीने, म्हणजे चिनी चित्राक्षराने, लिहितात. पुढे तो फार उपयोगी पडला.

दुपारचं जेवण वर्गातच. मुलं पांढरे अंगरखे आणि टोप्या घालून स्वतः वाढतात. आणि मुलांच्या आधी तेच जेवण मुख्याध्यापक चाखतात, ते बरं असल्याची खात्री करायला. ही पद्धत मला अतिशय आवडली. मी शाकाहारी. सूपात, भाजीत, सगळीकडे दाशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचं पाणी असतं. काही शिक्षक मासे खायला लागतात, मला ते जमलं नाही. मी डबा नेला, पण मुलांबरोबर बसून, त्यांच्याबरोबर हात जोडून, जेवणाआधी म्हणायचं ‘इतादाकिमास’ म्हणून उघडला. डब्यातल्या थालीपिठाने जेवढं इंग्रजी बोलून घेतलं, तेवढं पाठ्यपुस्तकाने घेतलं नाही. तुमच्यात शाकाहारी असतील त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं. तिथे नंतर सांगणं जास्त त्रासाचं ठरतं.

जेवणानंतर साफसफाई. शिपायाची वाट न पाहता सगळी शाळा फडकी घेऊन गुडघ्यावर. पहिले काही दिवस मी उभी राहून पाहत होते, पाहुण्याला कोणी काम सांगत नव्हतं. शेवटी मी उपमुख्याध्यापकांना विचारलं, माझी जागा कोणती? त्यांनी भिंतीवरचा तक्ता पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्यात माझं नाव होतं: पश्चिमेचा जिना, तिसरीच्या मुलींबरोबर. वर्गात तोंड न उघडणाऱ्या त्या मुली जिन्यावर माझ्याशी बोलू लागल्या. आज मला तुम्हाला जे सांगायचंय ते हेच. तिथे लोक खूप प्रेमाने वागवतात, ऑगस्टमध्ये दारात काकड्या ठेवून जातात, चिठ्ठीसुद्धा नसते. पण ते पाहुण्याचं प्रेम झालं. त्या गावाचे तुम्ही केव्हा होता? तुमच्या वाटणीला काम येतं तेव्हा. आणि ते कधीकधी मागून घ्यावं लागतं.

गल्लीतही तसंच. वर्षातून काही रविवारी घरटी एक माणूस गवत कापायला, गटारं उपसायला जातो. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी हातमोजे घालून गेले. त्यानंतर महिन्याभरात माझ्या दारी काइरानबान येऊ लागला. हा कागद लावलेला एक फळा असतो, गल्लीतल्या सूचना त्यावर फिरतात. वाचायचा, शिक्का मारायचा, पुढच्या घरी नेऊन द्यायचा. माझ्या पुढचं घर ऐंशी पार केलेल्या एका ओबाआसानचं, म्हणजे आजींचं. त्यांचं बोलणं ठेठ इझुमोचं. आभार मानायचं नेहमीचं ‘आरिगातो’ त्यांच्या तोंडी कधी आलं नाही, ‘दान्दान’ म्हणायच्या. अर्धं मला कळायचं नाही. मीही मग दान्दान म्हणू लागले, तर त्यांनी माझा हात धरून मला ओट्यावर बसवलं आणि मुळ्याचं लोणचं पुढे केलं.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचाराल. असतो. संध्याकाळी पाच वाजता सगळ्या गावात भोंग्यावर एक सूर वाजतो, पहिल्या दिवशी मला वाटलं भूकंप आला. पुढे त्याच सुराने दिवस संपल्याची जाणीव व्हायची आणि घशाशी आवंढा यायचा. ते सहन करायची काही युक्ती माझ्याकडे नाही.

त्या फेब्रुवारीत मला फ्लू झाला. पाच दिवस शाळेत जायचं नाही असं बजावलं होतं. मी कोतात्सूत पडून होते, काइरानबान दारातच राहिला. तिसऱ्या दिवशी ओबाआसान बर्फातून आल्या. फळा पुढे आला नाही म्हणून आल्या होत्या. माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता परत गेल्या, आणि तासाभराने मऊ भात आणि उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घेऊन आल्या. जाताना फळा नेला, आणि स्वयंपाकघरातला कचराही.

शनिवारी मी बाहेर पडले तेव्हा कोपऱ्यावर गाडी येऊन गेली होती, जागा रिकामी होती. संध्याकाळी मी भांडी परत द्यायला गेले. त्यांच्या दाराशी पिशव्यांचा गठ्ठा आणि जाड काळा मार्कर ठेवलेला होता. शेजारी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी माझं नाव काताकानात, म्हणजे परदेशी नावांसाठीच्या जपानी लिपीत, चार वेळा लिहून पाहिलं होतं, पिशवीवर नीट यावं म्हणून.