टोस्का उडी मारते ती कुठे?

(तटावरची नायिका, प्रेक्षागृहातून)

शिपाई जवळ आलेत. टोस्का किल्ल्याच्या कठड्यावर चढते आणि स्वतःला खाली झोकून देते. खुर्चीत बसून बघाल तर हा मृत्यू.

(तोच क्षण, मागून)

मागे जाड गादी, काळ्या कपड्यांतले दोन रंगमंच-कामगार आणि पडल्यापडल्या विग चाचपणारी टोस्का.

इटालियन संगीतकार पुच्चिनीचा 'टोस्का' हा ऑपेरा, म्हणजे गाण्यातूनच उलगडणारं नाटक, १४ जानेवारी १९०० रोजी रोममध्ये पहिल्यांदा झाला. आज त्याची रंगीत तालीम आहे, आणि आपण फोटोग्राफरच्या मागे उभे आहोत.

फ्लॅशचा प्रश्नच नाही. गायक माइकशिवाय गातात, त्यामुळे शटरची खट्टही खपत नाही. कॅमेरा सायलेंटवर टाकावा, तर काही एलईडी दिव्यांखाली फोटोत पट्टे उमटतात. मागे काळोख, तोंडावर झोत. ऑटोवर विसंबलात तर चेहरा पांढराफटक.

खरी अडचण गळ्याची. प्रयोग तोंडावर आलेला असतो, म्हणून बरेच गायक तालमीत अर्ध्या आवाजात गातात. आवाज राखला की अंगही राखलं जातं. खांदे सैल, नजर वाद्यवृंदाच्या कंडक्टरवर. फोटो मरगळलेला येतो. बरं, तार स्वर पूर्ण लावला की नुसता जबडा आणि मानेच्या शिरा! स्वर सुटतो तो क्षण धरायचा. त्यासाठी संगीत पाठ हवं; नुसती लेन्स महाग असून भागत नाही.

(विंगेत)

दुसऱ्या अंकात कोरस आणि टोस्का रंगमंचावर न येता आतून गातात. सहायक कंडक्टर छोट्या पडद्यावर मुख्य कंडक्टरचे हात बघतो आणि इथे ताल देतो. प्रेक्षकांना हा माणूस कधीच दिसत नाही. मेकअपमधला कार्डिनल मोबाइलवर बोलतोय, असले फोटो सगळेच काढतात; मला तो स्वस्तातला विनोद वाटतो. त्यापेक्षा खलनायक स्कार्पिया बघा. टोस्कानं त्याला भोसकलंय, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या ठेवल्यात, छातीवर क्रूस. आणि तो क्रूस वरखाली होतोय! एवढं गाऊन मेलेल्या माणसाला धाप लागणारच.

कपडे बदलण्याच्या आडोशाकडे मात्र कॅमेरा वळत नाही. विचारल्याशिवाय तर नाहीच.

तालीम संपते. दिग्दर्शक चुका सांगायला बसतो, फोटोग्राफर लॅपटॉप उघडतो. कठड्यावरची टोस्का वर्तमानपत्रांसाठी निवडली जाते. गादीवरची टोस्का गायिका स्वतःसाठी मागून घेते.