साखरेच्या पाण्यात दिवा का लागत नाही?

नमस्कार श्रोतेहो. आज सहसंयुज बंध, म्हणजे इलेक्ट्रॉन सामायिक करून अणूंनी एकमेकांना धरून राहणं. शाळेत घोकलाय आपण सगळ्यांनी, म्हणून थोडक्यात सांगतो. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन असतात, हवे असतात आठ. हायड्रोजनकडे एक, हवेत दोन. मग ऑक्सिजन दोन हायड्रोजनांशी इलेक्ट्रॉनची एकेक जोडी सामायिक करतो, की झालं पाणी. पेठेतल्या वाड्यांची सामायिक भिंत कशी दोन्ही घरांत धरतात, तशी ही जोडी दोघांच्या हिशेबात. दोघांच्या, बरं का! गिल्बर्ट लुईस यांनी हे १९१६ साली मांडलं. मिठाची तऱ्हा वेगळी. तिथे सोडियम इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो, क्लोरीन तो ठेवून घेतो.

आता कोथरूडची गंमत. दिवाळीच्या सुट्टीत ताईकडे गेलो होतो. भाच्याने नऊ व्होल्टची बॅटरी, रेझिस्टर, एलईडी आणि पेन्सिलीची दोन शिसं जोडून ठेवली होती. इन्व्हर्टरसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर दोन पेल्यांत ओतलं. एकात मीठ ढवळलं, शिसं बुडवली, दिवा लखलखला. मग शिसं पुसली आणि दुसऱ्यात साखर ढवळली. तिथेही दिवा मिणमिणायला लागला!

"मामा, साखरेच्या पाण्यातून वीज जात नाही, असं पुस्तकात चुकीचं लिहिलंय!" स्वारी खूश.

ताईच्या सासूबाई, म्हणजे माई, शेजारी गवार मोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अरे, चमचा तोच ना? मिठाचा?"

पेला विसळला, नवं पाणी घेतलं, कोरडा चमचा आणला. साखर एक चमचा, दोन, पाच. दिवा ढिम्म! माईंना काळजी वेगळीच, साखर वाया चालल्याची. (आमटीत साखर घालणाऱ्यांनाही त्या हेच ऐकवतात. माझंही मत तेच आहे, आमटीत गूळच हवा.)

तर साखरेच्या एका रेणूत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन मिळून ४५ अणू, सगळे सामायिक जोड्यांनी बांधलेले. साखर विरघळते म्हणजे रेणू एकमेकांपासून सुटतात, रेणूतले अणू सुटत नाहीत. पुन्हा सांगतो, रेणू सुटतात, अणू नाही. विद्युतभार असलेला कणच मोकळा होत नाही, मग वीज वाहून नेणार कोण? मिठाचे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन दिल्याघेतल्याने भारित झालेले अणू, पाण्यात मोकळे फिरतात. माईंच्या चमच्याला तेच चिकटले होते.

घरी करून पाहणार असाल तर नळाचं पाणी नको, त्यात क्षार असतातच. आणि मुलांनो, बॅटरीच वापरा, भिंतीवरच्या प्लगच्या वाटेला अजिबात जायचं नाही.