कार्ड कोणाचं, पैसे कोणाचे?

नमस्कार मंडळी, बसून घ्या, मागे जागा आहे अजून. आधीच सांगून टाकतो, विषय ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगचाच आहे, म्हणजे क्लास आणि ऑब्जेक्ट वापरून प्रोग्राम लिहायचा, पण त्याचे एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम, ॲब्स्ट्रॅक्शन हे चार खांब आज मी घेणार नाही. ते तुम्हाला पाठ आहेत, पेपरात लिहून पण येता, पण स्वतः एक क्लास लिहायला बसलं की हात अडतो, काहून? मला वाटते सगळी गोची एकाच प्रश्नात आहे, हा डेटा नेमका कोणाचा, क्लासचा का त्या एका ऑब्जेक्टचा?

क्लास म्हणजे घराचा नकाशा आणि ऑब्जेक्ट म्हणजे घर, हे उदाहरण प्रत्येक जण देते. पहिल्या तासाला ठीक आहे. पण घर बांधून झाल्यावर नकाशात खिडकी काढली तर भिंतीत खिडकी पडते का? पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पडते! प्रोग्राम चालू असताना क्लासमध्ये नवीन मेथड, म्हणजे क्लासच्या आत लिहिलेलं फंक्शन, टाका, आधी बनवलेल्या ऑब्जेक्टलाही ती लगेच वापरता येते, कारण मेथडची कॉपी ऑब्जेक्टच्या आत जात नाही, ती क्लासमध्येच राहते आणि ऑब्जेक्टला फक्त आपला क्लास कोणता एवढं माहीत असते.

आता आपलं नागपूर मेट्रोचं कार्ड घेऊ. पायथन 3 मध्ये नावं देवनागरीत चालतात, म्हणून फळ्यावर तसंच लिहून राहिलो. क्लासचं नाव कार्ड. इनिट म्हणजे ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारी मेथड, आणि सेल्फ म्हणजे ते ऑब्जेक्ट स्वतः. इनिटमध्ये दोन गोष्टी, सेल्फ.बाकी, म्हणजे कार्डातली शिल्लक, शून्य आणि सेल्फ.प्रवास एक रिकामी लिस्ट, म्हणजे यादी. रिचार्ज नावाची मेथड, ती सेल्फ.बाकीत रक्कम मिळवते. मग दोन ऑब्जेक्ट, आई = कार्ड() आणि दादा = कार्ड(). झालं.

सेल्फला लोक उगाच घाबरतात. तुम्ही आई.रिचार्ज(100) लिहिता तेव्हा पायथन आतून कार्ड.रिचार्ज(आई, 100) असं बोलावतो, एवढंच. मेथड एकच आहे, कोणाच्या कार्डात पैसे टाकायचे ते तिला कळावं म्हणून आई पहिली आत जाते. मेथड लिहिताना सेल्फ विसरलात की ‘टेक्स वन पोझिशनल आर्ग्युमेंट बट टू वेअर गिव्हन’ ही एरर येते, म्हणजे मेथड एकच आर्ग्युमेंट (आत दिलेली किंमत) घेते पण दोन दिले, आणि पोरं म्हणतात सर मी तर एकच दिला, दुसरा कुठून आला बाप्पा! तो दुसरा म्हणजे आईच. सेल्फ हा पायथनचा कीवर्ड नाही बरं का, नुसता रिवाज आहे, जावा या दुसऱ्या भाषेत याच कामाचा धिस हा मात्र खरा कीवर्ड, म्हणजे भाषेने राखून ठेवलेला शब्द, आहे.

आता खरी गंमत, इथे नीट पाहा. इनिट काढून टाकला आणि बाकी = 0, प्रवास = [] या दोन ओळी सरळ क्लासच्या अंगातच लिहिल्या. आईने 100 चं रिचार्ज मारलं, आईची बाकी 100, दादाची 0, बरोबर. मग आईच्या प्रवासात ‘सीताबर्डी ते खापरी’ अपेंड केलं, म्हणजे यादीच्या शेवटी जोडलं, आणि दादाचा प्रवास प्रिंट केला तर तिथेही सीताबर्डी ते खापरी! दादा घरी झोपून आहे, त्याने मेट्रोची ऑरेंज लाइन पाहिली पण नाही आज. पैसे वेगळे राहिले आणि प्रवास एक झाला, असं कसं?

तर रिचार्जमधल्या सेल्फ.बाकी += 100 मध्ये आधी बाकी वाचली जाते, ती आईजवळ नसते म्हणून क्लासमधली 0 मिळते, बेरीज होते, आणि उत्तर ठेवताना ते आईच्या ऑब्जेक्टवर ठेवलं जाते, म्हणजे त्या क्षणी आईची स्वतःची बाकी तयार झाली, क्लासमधली 0 तशीच राहिली. अपेंडमध्ये मात्र ठेवणं हा प्रकारच नाही. लिस्ट शोधली, क्लासमध्ये सापडली, तिच्यातच भर टाकली, आणि ती एकच लिस्ट दोघं पाहून राहिले. म्हणून वाईट काय, की चुकीचा कोड अर्धा बरोबर चालतो आणि तुम्ही दुसरीकडेच बग शोधत बसता. भाडेदरासारखी सगळ्यांची एकच असलेली गोष्ट क्लासवर ठेवा, ज्याची त्याची गोष्ट इनिटमध्ये.

तसंच बाबा = आई लिहिलं तर नवीन कार्ड येत नाही, एकाच कार्डाला दोन नावं लागतात, बाबांनी रिचार्ज केलं की आईची बाकी वाढते. (हशा) हो, आयांना हे चालते.

क्लास आणि ऑब्जेक्ट ही कल्पना काही जावाने आणलेली नाही. जावा आली 1995 ला. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्युगार्ड यांनी त्याच्या कितीतरी आधी सिम्युला 67 ही भाषा बनवली, त्यात क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स सगळं होतं, दोघांना 2001 चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला मोठा मान, पण मिळाला. नावातच सिम्युलेशन आहे, म्हणजे एकाच प्रकारच्या पुष्कळ गोष्टी, प्रत्येकीची स्थिती निराळी. आपल्या कार्डांचंही तेच तर आहे.

तिकडून प्रश्न आला, सर प्रत्येक ठिकाणी क्लास करायचा का? नाही ना! आत फक्त इनिट आणि एकच मेथड असेल तर बहुतेक वेळा साधं फंक्शन पुरते. दोन-चार कामं एकाच डेटावर होत असतील, आणि तो डेटा कार्डागणिक वेगळा असेल, तेव्हा खुशाल करा.