पाण्याखाली मोजलेला उजेड

(खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी. निळ्या उजेडात, प्रवाळांच्या नात्यातल्या झोआंथिडचं अगदी जवळून टिपलेलं दृश्य. निवेदन थोडं थांबून.)

हे हिरवे, नारिंगी रंग टाकीवरच्या दिव्यात नाहीत. दिवा नुसता निळा आहे, साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. या पॉलिपांच्या, म्हणजे प्रवाळातल्या एकेका चिमुकल्या जिवाच्या, अंगात काही प्रथिनं असतात, ती निळा उजेड शोषून घेतात आणि हिरवा, नारिंगी, लाल करून बाहेर टाकतात. नवशिक्याची फसगत इथेच होते. रंग झळाळले म्हणजे दिवा उत्तम, असं त्याला वाटतं. प्रवाळाचं पोट भरतंय की नाही, ते या झळाळीवरून कळत नाही.

(सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी गोल पेशी.)

पोट भरतात ते हे तपकिरी ठिपके. झूझँथेली. प्रवाळाच्या पेशींच्या आत राहणारं एकपेशीय शैवाल, एकेक ठिपका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. उजेडात ते अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. त्याच्याकडे क्लोरोफिल ए, क्लोरोफिल सी२ आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्यं आहेत आणि त्यांना निळा, निळसर हिरवा उजेड सर्वांत जास्त मानवतो. समुद्रात लाल उजेड पहिल्या काही मीटरांतच विरून जातो, निळा खोलवर पोचतो. रीफच्या, म्हणजे प्रवाळांच्या टाकीच्या, दिव्यात निळ्याचा भरणा असतो तो त्यामुळे. थोडा पांढरा घालतात, तो बराचसा आपल्या डोळ्यांसाठी.

(दिव्याच्या खोक्यावरची अक्षरं.)

खोक्यावर तीन आकडे ठळक छापलेले असतात. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. केल्विन म्हणजे उजेडाची छटा: ६,५०० ला दिवसाच्या उजेडासारखा, १४,००० ते २०,००० ला निळसर. आणि लुमेन मोजलं जातं माणसाच्या डोळ्याच्या हिशोबानं. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट उजेडाला सर्वांत तल्लख, म्हणून प्रवाळाला लागणारा निळा उजेड लुमेनमध्ये जवळजवळ हिशोबातच येत नाही. तिन्ही आकडे खरे असले, तरी टाकीतल्या त्या अमुक दगडावर उजेड किती पोचतो, ते यातल्या एकाही आकड्यातून निघत नाही.

(काडीच्या टोकाला बांधलेला संवेदक पाण्यात उतरतो.)

ते निघतं इथून. हा पार (PAR) मीटर, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड मोजणारा. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण एका चौरस मीटरवर एका सेकंदाला किती मायक्रोमोल (कण मोजायचं एकक) पडतात, ते हा सांगतो. टाकी दोन वीत लांब, दिवा पाण्यापासून वीतभर वर, पूर्ण ताकदीवर. पृष्ठभागाच्या जरा खाली: ५२०. दगडाच्या माथ्यावर: ३१०. आकडा सारखा हलतोय, कारण पंपामुळे उठणाऱ्या लाटा भिंगासारख्या उजेड गोळा करतात आणि पसरतात. वाळूवर नाचणाऱ्या या रेघा त्याच. घाई करायची नाही, मधला आकडा धरायचा. वाळूवर: १८०. आता संवेदक हळूहळू कोपऱ्याकडे. १४०, ११०, ७०. आणि दगडाच्या पोटाखाली, सावलीत, १५.

एकाच दिव्याखाली, हाताच्या अंतरात, ३१० आणि १५. मग 'हा दिवा या टाकीला पुरेल का' या प्रश्नाला अर्थ काय उरतो? कुठल्या जागी, कुठल्या प्रवाळाला, हे आधी विचारायला हवं.

दिवा आणखी वीतभर वर घेतला. माथ्यावर २४० झाले, कोपऱ्यात मात्र ७० चे ९०. उजेड पसरला. लहान टाकीत ही युक्ती जास्त ताकदीचा दिवा आणण्यापेक्षा कितीतरी कामाची आहे. मीटर महाग असतो, पण लागतो एखाद्या संध्याकाळपुरता. कुणाकडून मागून आणावा. फक्त जुन्या बनावटीचे काही संवेदक निळा उजेड कमी दाखवतात, तेवढं तपासून घ्यावं. मोबाइलमधलं लक्सचं, म्हणजे माणसाच्या डोळ्याच्या हिशोबानं उजेड मोजणारं, अ‍ॅप निळ्या दिव्याखाली कामाचं नाही.

(मशरूम नावाचं प्रवाळ, मग टॉर्च कोरलची हलती टोकं, मग अ‍ॅक्रोपोराची फांदी.)

मशरूम, झोआंथिड, लेदर या मऊ प्रवाळांना पार मीटरवरचे ५० ते १५० पुरतात. टॉर्च, हॅमर अशा मोठ्या पॉलिपांच्या प्रवाळांना ८० ते १५०. लहान पॉलिपांच्या, फांद्या फुटणाऱ्या अ‍ॅक्रोपोराला २०० ते ३५० हवेत. म्हणून आधी प्रवाळ ठरवावं, दिवा मागून. अनेक जण उलट करतात: तगडा दिवा घेतात आणि त्याच्याखाली मशरूम ठेवतात.

उजेड अति झाला की शैवालात ऑक्सिजनचे घातक रेणू साठतात, प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं.

(पांढरा पडलेला तुकडा. निवेदन नाही. आठ सेकंद.)

उजेड कमी पडला तर प्रवाळ सहसा तपकिरी होतं. ते सावरता येतं.

टी५ नळ्या, म्हणजे बारीक ट्यूबलाइट, अजून वापरात आहेत, उजेड छान एकसारखा पडतो, पण नऊ ते बारा महिन्यांनी बदलाव्या लागतात. मेटल हॅलाइड हा प्रखर दिवा लहान टाकीचं पाणी तापवतो. या टाकीवर एलईडी आहे, तेव्हा पुढचं एलईडीचंच.

(डिमरवर बोट. टायमरचा पडदा.)

प्रवाळाचा नवीन तुकडा आणला की दिवा निम्म्यावर आणायचा आणि आठवड्याला पाचेक टक्क्यांनी चढवायचा. तुकडा आधी कुठल्या उजेडात वाढला होता, हे देणाऱ्याला विचारलं तर निम्मं काम होतं. दिवस आठ ते दहा तासांचा पुरे, सकाळ-संध्याकाळची चढउतार त्यातच धरून.

(दिव्याच्या भिंगावरचा मिठाचा पांढरा थर. ओलं फडकं.)

फुटणाऱ्या बुडबुड्यांबरोबर खारं पाणी उडतं आणि भिंगावर असं मीठ धरतं. दिवा बंद करून, गार झाल्यावर, गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसायचं. पुसण्याआधी माथ्यावर २१५ होते, पुसल्यावर पुन्हा २४०. बरेच दिवस पुसलं नसेल तर फरक याहून मोठा पडतो, तेव्हा त्या दिवशी डिमर थोडा खाली आणायला विसरू नका.