अरुंधतीचं घर लिहायचं तर

नमस्कार श्रोतेहो. विस्कटलेल्या घरातली नायिका रोजच्या मालिकेसाठी लिहायची असेल, तर तिला रडवण्याआधी कामाला लावा. अरुंधती देशमुख आठवा. 'आई कुठे काय करते' ही मालिका स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. मूळ कथा बंगाली 'श्रीमोयी'ची, त्याच कथेवर पुढे हिंदीत 'अनुपमा' आली.

मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती प्रेक्षकांना आधी दिसली ती घरभर राबताना. नवरा अनिरुद्ध, सासू-सासरे, अभिषेक, यश आणि ईशा ही तीन मुलं, प्रत्येकाचं काहीतरी तिच्यावर अडलेलं. म्हणून लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर अनिरुद्ध आणि संजनाचं प्रकरण तिच्यासमोर आलं, तेव्हा सगळं घरच हाललं.

लिहिताना आधी कामांची यादी करा. समजा, सासऱ्यांचा बिनसाखरेचा चहा, मुलीचा डबा, नवऱ्याचा इस्त्रीचा शर्ट. सुरुवातीच्या भागांत ही कामं संवाद न घालता, जाता जाता दाखवा. ती घर सोडेल त्या दिवशी चहात साखर पडलेली असेल. सासरे एक घोट घेतील, कप खाली ठेवतील आणि काहीच बोलणार नाहीत. असा एक सीन दहा हुंदक्यांना भारी पडतो, पण त्याची पेरणी आधी झालेली हवी. ऐनवेळी सुचलेली साखर प्रेक्षकाला कळतच नाही.

अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा जाता हातात साधारण बावीस मिनिटं उरतात. आधी ट्रॅक, म्हणजे पुढच्या काही भागांचं कथासूत्र ठरतं, मग वन लायनर, म्हणजे प्रत्येक सीनमध्ये काय घडतं याची थोडक्यात नोंद, मग पटकथा आणि शेवटी संवाद. ही कामं बहुतेक वेळा वेगवेगळ्या हातांत असतात आणि घोळ तिथेच होतो. सोमवारी जे गुपित सासूला कळलं, ते गुरुवारी तिला पुन्हा नव्याने कळतं! यावर उपाय सोपा आहे: एका कागदावर उभी पात्रं, आडवी गुपितं, आणि कोणाला काय कितव्या भागात कळलं त्याचा आकडा. हा तक्ता पटकथाकार आणि संवादलेखक दोघांकडे एकच हवा.

दाराआडून ऐकण्याचे सीन इतके का येतात? बहुतेक चित्रीकरण घराच्या सेटवरच होतं, बाहेर गेलं की खर्च आणि वेळ वाढतो. मग गुपित फुटायचं तेही हॉल, स्वयंपाकघर नाहीतर बेडरूममध्येच. त्यापेक्षा बिल, औषधाची चिठ्ठी, न उचललेला फोन वापरा. वस्तू घरातच असते आणि योगायोगाचा वास येत नाही.

अनिरुद्धसारखा माणूस लिहिणं सगळ्यात अवघड. तो नुसता दुष्ट झाला की नायिकेने त्याच्याबरोबर पंचवीस वर्षं काढली कशी, हे पटत नाही. आपण चुकलोय हे त्याला पुरतं कधी वाटत नाही, त्याच्याकडे प्रत्येक वेळी कारण तयार असतं. ती कारणं मन लावून लिहा. प्रेक्षकाला क्षणभर ती पटली पाहिजेत, मगच त्याचा राग येतो.

आणि नायिकेच्या आयुष्यात दुसरा माणूस आणताना, अरुंधतीच्या गोष्टीत कॉलेजचा मित्र आशुतोष आला तसा, त्याला निव्वळ देवमाणूस करू नका. सतत समजूतदार असलेल्या माणसाबरोबर सीन पुढे सरकत नाही. त्याचा एखादा ठाम हट्ट ठरवा, आणि तो तिच्या एखाद्या सवयीला आडवा येईल असाच निवडा.